तुमचा काटा उपाशी हाय काय?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्षीच्या वेळी कोणी भीतीबद्दल बोललं ना, तर ती भीती कायम गेलेलीच असते. म्हणजे एखादी बाई उभी राहते, सांगते की मला ऑपरेशनचं लय टेन्शन आलं होतं पण प्रभूने सगळी भीती काढून टाकली, सगळे हालेलुया म्हणतात, बाई बसते. मी पण काही वर्षांआधी असाच उभा राहिलो होतो आणि छाती पुढे काढून सांगितलं होतं की कामाच्या जागी मला आता कोणाचीच भीती वाटत नाही, प्रभू माझ्या बाजूने आहे. सगळे हालेलुया म्हणाले. आणि सोमवारी सकाळी ९ वाजता मालकाचा कारभार पाहणाऱ्या दिवाणजीची मोटरसायकल गेटातून आत आली तर पोटात असा गोळा आला की चहाचा कप तसाच टेबलावर ठेवून मी संडासात जाऊन बसलो.

तर ही पोस्ट त्या खोट्या साक्षीची दुरुस्ती समजा. गावाचं, तालुक्याचं नाव टाकत नाही, यवतमाळ जिल्हा एवढंच सांगतो, कारण इकडे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचे कारखाने, मोजून आहेत आणि नाव टाकलं की कोणाबद्दल आहे ते चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत निघते.

मी जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. काटा म्हणजे गाडीचा वजनकाटा, जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी प्लॅटफॉर्म, त्याच्या बाजूला माझी केबिन, केबिनमध्ये एक आकडा दाखवणारा डबा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर जो सीझनच्या ऐन गर्दीत हमखास कागद अडकवतो. शेतकरी कापूस घेऊन येतो, भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन घेतो, गाडी आत जाते, कापूस गंजीवर खाली होतो, मग खाली, म्हणजे रिकामी, गाडी परत काट्यावर येते, तिचं वजन घेतो, दोन्हीतला फरक म्हणजे कापूस. शाळेतली वजाबाकी आहे, दुसरं काही नाही. पण वर्षभराचं बियाणं, खत, फवारणी, डवरण, वेचणी हे सगळं त्या एका वजाबाकीत येऊन बसते, म्हणून शेतकरी त्या डब्याकडे जसा पाहतो तसं कोणी डॉक्टरच्या तोंडाकडे पण पाहत नसेल.

घरचं थोडं सांगतो. माझे आजोबा यवतमाळला सेमिनरीत बागकाम करायचे. युनियन बिब्लिकल सेमिनरी, ती १९५३ पासून यवतमाळला होती, १९८३ ला पुण्याला गेली. आजोबांना पण चला म्हणाले होते, ते गेले नाही. घरात नेहमी सांगायचे की आपली माती सोडवली नाही म्हणून गेलो नाही, पण आजी शेवटी शेवटी सांगायची, माती गिती काही नाही, पुण्याचं भेव वाटलं त्याले. तर भीती आमच्या घरी जुनी आहे, आणि ती लपवायची सवय पण जुनीच आहे.

जिनिंगमध्ये भीती वाटण्यासारख्या गोष्टी तशा भरपूर आहेत. पहिली म्हणजे आग. कापसात कुठे खिळा, गारगोटी, नांगराचा तुकडा आला आणि तो रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या मशीनमध्ये, गेला की ठिणगी उडते, आणि रुई म्हणजे काय, पेटायला तयारच बसलेली असते. गेटवर सगळ्यांच्या काडीपेट्या जमा करून घेतात ते उगाच नाही. मी एक आग जवळून पाहिली आहे, दुपारी ३ च्या सुमारास, आवाज काहीच नाही, गंजीच्या वरून फक्त हवा हलल्यासारखी दिसली, तव्यावर दिसते तशी, आणि मग एकदम पिवळं. विझवल्यावर पण आत दिवसच्या दिवस धुमसत राहते, हात लावला तर गरम, वरून पाहिलं तर पांढराशुभ्र कापूस. पण खरं सांगू का, आगीची भीती मला कधी लपवावी वाटली नाही. आग लागली की सगळेच पळतात, शेठ पण पळतो. लपवायची भीती वेगळी असते, जी आपल्या एकट्यालाच वाटते असं वाटते ती.

जसं काटापूजन. दसरा झाला, दिवाळीच्या आसपास खरेदीचा मुहूर्त निघाला की पहिल्या गाडीवाल्या शेतकऱ्याचा शेला टोपी देऊन सत्कार करतात, काट्याला हार घालतात, हळदकुंकू लावतात आणि नारळ फोडतात. आता नारळ कोणी फोडायचा, तर काटेवाल्याने. मी पहिली ६ वर्षं फोडला. मनात प्रभूचं नाव घ्यायचो आणि हाताने नारळ फोडायचो, आणि घरी आलो की बायकोच्या नजरेला नजर देत नव्हतो. काही विश्वासी भाऊ म्हणतील त्यात काय एवढं, काही म्हणतील घोर पाप केलं, मला दोघांशी वाद घालायचा नाही. माझं दुखणं एवढंच होतं की मी ते पटून करत नव्हतो, भिऊन करत होतो. ज्यांचा त्यात भाव आहे ते हमाल भाऊ मनापासून हात जोडायचे, त्यांचं खरं होतं, माझंच खोटं होतं.

नामानाची गोष्ट मला नंतर कळली, बायबलमध्ये २ राजे ५ मध्ये. कोड बरा झालेला तो अरामी सेनापती अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जाताना माझ्या हातावर टेकतो, तेव्हा मला पण त्याच्यासोबत वाकावं लागेल, तेवढं परमेश्वराने मला माफ करावं. आणि अलीशा त्याला झापत नाही, शांतीने जा म्हणतो. नोकरी करणाऱ्या माणसाने ते वाचावं. त्याने आधीच सगळं तोंडाने सांगून टाकलं होतं. मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

पण नारळ राहू द्या, नारळाने कोणाचा कापूस कमी झाला नाही. खरी गोष्ट खाली गाडीची आहे.

माझी केबिन अशी आहे की खुर्चीवर बसलं की गाडीचा फक्त तोंडाकडचा भाग दिसतो. ड्रायव्हर दिसतो, नंबर प्लेट दिसते. मागचा डाला पाहायचा तर उठून खिडकीशी यावं लागते. आता गाडी खाली झाली की कधी कधी एखादा हमाल डाल्यातच बसून राहायचा, गेटापर्यंत यायला. एक माणूस म्हणजे ६० किलो धरा. भरल्या गाडीच्या वजनात तो नव्हता, खाली गाडीच्या वजनात तो आहे, म्हणजे खाली गाडी ६० किलोने जड भरली, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस ६० किलोने कमी झाला. काट्यात काहीच खोट नाही. वजनमापं तपासणारे सरकारी वैधमापनवाले येऊन तपासून शिक्का मारून गेलेले, आकडा एकदम खरा. मशीन खरं बोलते आणि चोरी होऊन जाते.

त्या सीझनला, २०२२ च्या शेवटी, भाव क्विंटलला ८ हजारांच्या आसपास होता. ६० किलोचे ४८०० रुपये झाले.

पहिल्या वेळी माझ्या लक्षात आलं तेव्हा मी उठायला लागलो. दिवाणजी मागेच उभा होता. खांद्यावर हात ठेवला, एकदम प्रेमाने, आणि म्हणाला, "तू आकडा पाय बाबू, गाडी नको पाहू."

बस एवढंच. धमकी नाही, पैसे नाही, शिवी नाही. आणि मी बसलो. हे मी लय वेळा डोक्यात फिरवून पाहिलं आहे, की मी काही केलं का, तर तसं काहीच केलं नाही, आकडा जो आला तोच टाकला. मी फक्त उठलो नाही. दिवसातून एखादी गाडी, कधी दोन, कधी दोन दिवस एक पण नाही, म्हणजे कोणाला संशय येणार नाही असं. शेठला माहीत होतं का, मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मग तो काकाजी आला. पिकअप घेऊन, १४ क्विंटलच्या आसपास कापूस, डोक्याला दुपट्टा, पायात टायरची चप्पल. त्याची गाडी खाली होऊन आली, वजन झालं, चिठ्ठी निघाली, त्याने ती चिठ्ठी खिडकीतून घेतली आणि लगेच गेला नाही. बंडीच्या खिशातून एक दुसरी चिठ्ठी काढली, घामाने ओली, रस्त्यावरच्या धरमकाट्याची, जिथे कोणीही पैसे देऊन गाडी मोजून घेतो. तो येताना भरलेली गाडी तिथे मोजून आला होता, आणि खाली गाडी सकाळी निघतानाच मोजली होती. दोन्ही चिठ्ठ्या खिडकीच्या चौकटीवर बाजूबाजूला ठेवल्या, अंगठ्याने दाबून धरल्या कारण वारा होता. ५५ किलोचा फरक. मी चिठ्ठीकडेच पाहत राहिलो, त्याच्या अंगठ्याच्या नखात बोंडाच्या काट्यांनी पडलेल्या काळ्या रेघा होत्या, त्या मला आत्ता पण दिसतात.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येते. तो एकदम हळू म्हणाला, "बाबू, तुमचा काटा उपाशी हाय काय?"

मी म्हटलं, "काकाजी, दोन काट्यांत थोडा फरक येतेच."

त्याने दोन्ही चिठ्ठ्या घडी करून खिशात ठेवल्या आणि गेला.

त्याच्या पुढच्या रविवारी उपासनेत काय वाचन निघावं, तर नीतिसूत्रे ११. पहिलंच वचन, खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो आणि खऱ्या वजनाने तो संतोष पावतो. मी आयुष्यभर ते वचन ऐकत आलो आहे, आणि काट्यावर बसायला लागल्यापासून थोडा अभिमानाने ऐकायचो, की पाहा आपल्या धंद्याचं नाव बायबलमध्ये आहे. त्या दिवशी मात्र मान वर झाली नाही. बायबलच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात, २५ व्या अध्यायात पण आहे, थैलीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नको, एक मोठं एक लहान. जुन्या काळी दगडाची वजनं असायची, घ्यायला एक आणि द्यायला एक. आमचं दगड जिवंत होतं, डाल्यात बिडी न पेटवता बसायचं.

आता भीतीवर काय करायचं हे मंडळीत कोणाला विचारावं तर उत्तर ठरलेलं. एका भावाने लगेच २ तीमथ्य १:७ लावून दिलं, की देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, म्हणजे भाऊ तुम्ही भिता तर तुमच्या विश्वासात कमी आहे, उपवास धरा. दुसऱ्याने व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला, सूर्योदयाचा, की बायबलमध्ये भिऊ नका हे ३६५ वेळा आहे, रोजचं एक. हे मी स्वतः शोधायला बसलो होतो, रात्रपाळीत वेळ असते, तेवढं काही भरत नाही. आणि भरलं असतं तरी मला त्याचा काय फायदा, मला सोमवारी सकाळी ९ वाजता एकच पाहिजे होतं. ज्या पौलाने तीमथ्याला ते लिहिलं त्यानेच करिंथकरांना लिहिलं आहे की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भीत होतो, थरथर कापत होतो, १ करिंथ २:३. त्याचा फोटो कोणी पाठवत नाही.

शेवटी बायकोला सांगितलं. ती सीझनमध्ये वेचणीला जाते. रात्री भाकरी टाकत होती, मी सगळं सांगितलं, डाला, हमाल, दिवाणजी, काकाजी. मला वाटलं ती म्हणेल आता प्रार्थना करू. ती म्हणाली, "६० किलो म्हंजे मी अन् जाऊबाई, सकाळी ७ पासून दिवस बुडेपर्यंत." आणि भाकरी पलटवली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुमाले भेव वाटते हे मले कायले नाही सांगतलं इतके दिवस?" मी म्हटलं विश्वासी माणसाने भ्यायचं नसते ना. ती हसलीच. म्हणे, "रात्री कुत्रं भुंकलं तरी मले उठवता तुम्ही."

पास्टरांकडे तीच जायला लावली. आमचे पास्टर हप्ताभर शिलाई मशीन चालवतात, रविवारी उपदेश करतात, महिन्याच्या अर्पणात त्यांचं घर चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी गेलो तेव्हा ते शाळेच्या गणवेशाला चेन लावत होते. ऐकून घेतलं, मशीन थांबवली नाही. मग दोरा तोडला आणि म्हणाले नहेम्या काढा, दुसरा अध्याय.

नहेम्या म्हटलं की आम्हाला संडे स्कूलपासून यरुशलेमची भिंतच माहीत. पण भिंतीच्या आधी तो नोकर होता, शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. राजाला द्राक्षारस द्यायचं काम. राजासमोर तोंड पाडून उभं राहायची सोय नाही, आणि त्या दिवशी याचं तोंड पडलेलं होतं. राजा विचारतो, तू आजारी नाहीस, मग तोंड का उतरलं? आणि नहेम्या स्वतःच्या हाताने लिहितो की तेव्हा मी फार घाबरलो. पास्टर म्हणाले, पाहा, लिहून ठेवलं आहे त्याने. एवढा मोठा सुभेदार झाला पुढे, ते वाक्य गाळून टाकता आलं असतं. मग राजा विचारतो तुला काय पाहिजे, आणि त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधात, एका वचनात, तो स्वर्गातल्या देवाची प्रार्थना करतो आणि बोलायला लागतो. किती वेळ मिळाला असेल? राजा समोरच आहे. प्रभू म्हणण्याएवढा.

मी विचारलं, पास्टर, तुम्हाला वाटते का भीती? ते म्हणाले, दर रविवारी सकाळी, पुलपिटवर चढायच्या आधी, आणि शनिवारी तुमची बायको ब्लाऊज न्यायला येते तेव्हा.

आता इथे मी एक गडबड केली ती पण सांगतो. पहिल्या अध्यायात नहेम्याला बातमी मिळते तो किसलेव महिना, आणि राजासमोर बोलतो तो निसान. म्हणजे इकडचा मार्गशीर्ष ते चैत्र धरा, ४ महिने, म्हणजे अख्खा कापसाचा सीझन. मला हे लय आवडलं. मी म्हटलं बस, आपण पण ४ महिने प्रार्थना करू. आणि खरंच केली, रोज पहाटे उठून, नाताळात २५ तारखेला अर्धा दिवस सुट्टी मागायला पण दोन दिवस धीर गोळा करत होतो त्यासाठी पण केली. पण नहेम्या थांबला तेव्हा भिंत आधीच पडलेली होती, तिचं आणखी काही जात नव्हतं. मी थांबलो तेव्हा रोज गाड्या जात होत्या. इकडे माझे डोळे मिटलेले आणि तिकडे डाल्यात माणूस बसलेला. प्रार्थनेच्या नावाने मी खुर्चीवर बसून राहायची मुदत वाढवून घेत होतो, एवढंच.

फेब्रुवारी संपत आला, फरदडीचा, म्हणजे सीझन संपल्यावर त्याच झाडांना पुन्हा येणारा, कापूस यायला लागला होता, कवडी, पिवळट, भावाला मार खाणारा. एक बाई आली ट्रॅक्टर घेऊन, सोबत दहा बारा वर्षांचा पोरगा. खाली ट्रॉली काट्यावर चढली आणि मी उठलो. काही ठरवून नाही, म्हणजे सकाळी ठरवलं होतं असं पण नाही. खिडकीतून वाकून पाहिलं, हमाल ट्रॉलीच्या कोपऱ्यात पोत्यावर पाय पसरून. मी म्हटलं, "उतर रे भाऊ, वजन घेऊन राह्यलो." तो माझ्याकडे पाहतच राहिला, मग दिवाणजीच्या ऑफिसकडे पाहिलं, मग उतरला. आकडा ६५ किलोने खाली आला. मी चिठ्ठी काढली. प्रिंटरने त्या दिवशी कागद अडकवला नाही, हे मी आजही लक्षात ठेवून आहे.

संध्याकाळपर्यंत मी प्रत्येक खाली गाडीला उठलो. ६ वाजता दिवाणजी केबिनमध्ये आला, स्टुलावर बसला, सुपारी कातरत म्हणाला, "आज कायले एवढी उठबस करून राह्यला? पाठ दुखते काय?"

आणि तो मधला वेळ आला. मी सांगतो काय होते त्या वेळात. कानात गरम होते. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज एकदम मोठा येते. पोराची फी, किराण्याची उधारी, गाडीचा हप्ता सगळं एका वेळी डोळ्यासमोर. माझी प्रार्थना फक्त "प्रभू" एवढीच झाली, पुढचं काही सुचलंच नाही. आणि शांती गिंती काही उतरली नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण साक्षीत नेहमी उतरते. गुडघे हलत होते ते टेबलाखाली होते म्हणून बरं.

मी म्हटलं, "पाठ नाही दुखत जी. मले तुमचं भेव वाटते, पयलेपासून वाटते. पण आता खाली गाडी मी उठून पाहीन. नाही तं मले काट्यावरून काढा."

तो हसला. मोठ्याने नाही. म्हणाला, "देवमाणूस झाला काय बे?" आणि सुपारी तोंडात टाकून गेला.

दुसऱ्या दिवसापासून माझी ड्युटी रात्रीच्या गेटवर लागली. पगारातून २ हजार कमी. काट्यावर त्याच्या साडूचा पोरगा बसला. म्हणजे तिथली चोरी काही थांबली नाही असंच मला वाटते, मी उठलो म्हणून यरुशलेमची भिंत उभी राहिली असं काही झालं नाही. ज्या भावाने उपवास धरायला सांगितलं होतं त्याने विचारलं, मग देवाने काय आशीर्वाद दिला? मी म्हटलं, रात्रपाळी. बाकी एक झालं की गोळा येणं बंद नाही झालं पण संडासात जाऊन बसणं बंद झालं. दिवाणजी रात्री गेटातून निघाला की मी उठून गेट उघडायचो, नमस्कार करायचो, आणि भीती बाजूला उभी असायची, माझ्यासोबतच ड्युटीला असल्यासारखी.

पुढच्या सीझनला त्यांनी बोलावलंच नाही. घरी बायकोच्या वेचणीवर आणि माझ्या मिळेल त्या कामावर ३ महिने काढले. मग १८ किलोमीटरवर दुसऱ्या जिनिंगमध्ये काम मिळालं, तिथल्या शेठला मी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या, की खाली गाडी मी उठून पाहतो आणि मुहूर्ताला मी नारळ फोडणार नाही, मी ख्रिस्ती आहे. शेठ म्हणाला, "पाहायलाच ठेवून राह्यलो तुले." नारळाचं म्हणाला, मग कोण फोडीन? मी म्हटलं मी आदल्या दिवशी काटा धुऊन देतो. आता दरवर्षी ते माझं काम, प्लॅटफॉर्मखालचा चिखल काढायचा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पाहायच्या, पाण्याने स्वच्छ धुवायचा. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे हमाल काका नारळ फोडतात आणि मला खोबरं देताना विचारतात, चालते का तुले? यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंच आहे. मागच्या महिन्यात तो काकाजी आला. तोच दुपट्टा, पिकअप दुसरी. मला त्याने ओळखलं की नाही कळेना, मी मात्र गेटातूनच ओळखलं. भरलेली गाडी झाली, खाली गाडी आली, मी उठलो, डाला पाहिला, चिठ्ठी दिली. त्याने खिशातून धरमकाट्याची चिठ्ठी काढली, चौकटीवर ठेवली, अंगठ्याने दाबली. ५ किलोचा फरक. आणि काय सांगू, मी पुन्हा घाबरलो, खरं वजन देऊन घाबरलो, आणि १० मिनिटं त्याला समजावत बसलो की काकाजी हा काटा ५-५ किलोनेच आकडा दाखवते, मधातला दाखवतच नाही, तिकडचा इकडे धरला इकडचा तिकडे धरला की ५ किलो मागंपुढं होतेच, पाहिजे तर मी पुन्हा गाडी चढवतो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठ्यांची घडी केली. म्हणाला, "पाचाचा हिशेब त लय चांगला सांगतला बाबू. पंचावन्नचा?"

मागे दोन गाड्या लागल्या होत्या, हॉर्न वाजवत होते. मी पोराला खुर्चीवर बसवलं आणि बाहेर आलो. काट्याच्या बाजूला लिंबाचं झाड आहे, तिथे उभं राहून सगळं सांगितलं, डाला, हमाल, आणि मी खुर्चीवरून उठलो नाही ते. दिवाणजीसमोर हलले नसतील एवढे गुडघे हलत होते आणि इथे टेबल पण नव्हता. त्याने एकच विचारलं, मागं बसला होता तो कोण? मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, तो बसला होता कारण मी बसलो होतो.

तो गप्प राहिला. मग खाली बसला आणि काडीने मातीत हिशेब केला. त्या वेळच्या भावाने ५५ किलोचे ४४०० होतात. मी म्हटलं एकदम नाही जमणार, महिन्याला ५०० देतो. मला वाटलं तो म्हणेल राहू दे बाबू, तू खरं बोलला तेच पुष्कळ. तो म्हणाला, "८ महिने ५००, अन् शेवटचे ४०० राह्यले." बाकीच्यांचं काय, तो हिशेब माझ्याजवळ नाही, नावं नाहीत, बायबलमधल्या त्या जकातदार जक्कयासारखं लुबाडलेल्याचं चौपट द्यायचं म्हटलं तर घर विकून होणार नाही, ते मी अजून देवासमोर घेऊन बसतो आणि उत्तर आलेलं नाही.

पहिले ५०० तिथेच दिले. त्याने बोटाला थुंकी लावून दोनदा मोजून घेतले.